पत्ता तोच, बिऱ्हाडं नवी

(दृश्य : संध्याकाळ. साऊथ काँग्रेस अव्हेन्यू, ऑस्टिन. रस्त्याच्या टोकाला कॅपिटॉलचा, म्हणजे विधानभवनाचा घुमट.)

टेक्सासची राजधानी ऑस्टिन. हा रस्ता नाकासमोर उत्तरेला जातो. मध्ये पूल, आणि पुलापलीकडे १८८८ साली बांधून झालेलं गुलाबी ग्रॅनाइटचं विधानभवन. आज इथे फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते. कॉफीसाठी रांग, बुटांच्या दुकानात रांग, भिंतीसमोर फोटो काढायलाही रांग.

एकेकाळी हा नुसता हायवे होता. कॅनडाच्या बाजूने निघून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारी वाहतूक याच रस्त्याने जायची. दिवसभर गाडी हाकून दमलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा हवी असे. गाडी खोलीच्या दारापाशीच लावायची, आणि सकाळी तिथूनच निघायचं. ‘मोटेल’ हा शब्द १९२५ साली कॅलिफोर्नियात पहिल्यांदा पाटीवर चढला. इथे ऑस्टिनमध्ये १९३६ साली ‘सॅन होजे कोर्ट’ नावाचं मोटेल उभं राहिलं आणि दोन वर्षांनी शेजारी ‘ऑस्टिन मोटेल’. बैठ्या खोल्यांच्या ओळी आणि मधोमध अंगण.

१९६२ साली शहरातून इंटरस्टेट ३५ हा नवा हायवे सुरू झाला. गाड्या तिकडे वळल्या. रस्ता जागच्या जागी राहिला, पण गिऱ्हाईक गेलं.

(दृश्य : जुन्या मोटेलच्या खोलीचं दार. रंगाचे पोपडे.)

गिऱ्हाईक गेलं तरी खोल्या रिकाम्या राहिल्या नाहीत. रात्रीपुरते येणारे थांबले आणि आठवड्याच्या भाड्याने राहणारे आले. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट या आठवड्याच्या भाड्यावर उभी आहे.

अमेरिकेत साधा फ्लॅट भाड्याने घ्यायचा तर डिपॉझिट लागतं, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ लागतं, पगाराच्या पावत्या लागतात, आणि जुनी कर्जं वेळेवर फेडलीत का हेही पाहिलं जातं. ज्याची नोकरी नुकतीच सुटली, जो कालच तुरुंगातून बाहेर आला, जी नवऱ्याच्या मारहाणीतून दोन पिशव्या घेऊन निघाली, त्यांच्याकडे यातलं काय असणार? मोटेलच्या काउंटरवर मात्र एवढंच विचारतात : या आठवड्याचे पैसे आहेत ना? दिवे, पाणी, पलंग, सगळं त्यातच. महिन्याचा हिशेब केला तर हे बऱ्याचदा फ्लॅटपेक्षा महाग पडतं. पण गरिबाजवळ एकरकमी पैसे नसतात, म्हणून तो महागातलं घर घेतो. एक बशी, एक पातेलं आणि खिडकीत वाळत घातलेले कपडे, एवढ्यावर एका खोलीत संसार चालतो. सॅन होजेत अशीच बिऱ्हाडं होती. व्यसनात रुतलेले होते, वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायका होत्या, आणि दुसरीकडे कुठे ठाव नसलेली साधी माणसंही होती.

१९९५ साली लिझ लॅम्बर्ट नावाच्या वकील बाईने हे मोटेल विकत घेतलं. न्यूयॉर्कमधली सरकारी वकिलीची नोकरी सोडून ती टेक्सासला परतली होती. समोरच्या कॉन्टिनेन्टल क्लबात गाणं ऐकायला जायची, आणि रस्त्यापलीकडचं हे मोटेल तिच्या मनात भरलं होतं. नूतनीकरणाला बँका कर्ज देईनात. मग जवळजवळ तीन वर्षं तिने मोटेल होतं तसंच चालवलं. काउंटरवर स्वतः बसली. खोल्या झाडल्या, भाडं गोळा केलं, रात्री-अपरात्री दारं उघडली. आणि त्या काळात तिने कॅमेरा हाती घेऊन तिथल्या माणसांचं चित्रीकरण केलं. ती माणसं कॅमेऱ्यात बघून बोलतात, हसतात, रडतात. या रस्त्याच्या इतिहासात त्यांची नोंद उरली असेल तर ती तिथेच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. अशा माणसांची नावं कुठल्या भाडेकरारावरसुद्धा नसतात.

(दृश्य : आजचं अंगण. रेती, घायपात, गारवेल चढलेली भिंत.)

१९९८च्या सुमारास मोटेल बंद झालं, २००० साली पुन्हा उघडलं. आता पाटीवर होतं ‘हॉटेल सॅन होजे’. चाळीस खोल्या. काम सॅन अँटोनियोच्या लेक-फ्लाटो या वास्तुविशारदांचं. त्यांनी पाडापाडी केली नाही, आणि याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. बैठी बांधणी राखली, अंगण राखलं, जमीन उघड्या काँक्रीटची केली, साधे लाकडी पलंग मांडले, आणि टेक्सासच्या उन्हात तगणारी झाडं लावली. काउंटरवर पाहुण्यांना टाइपरायटर आणि सायकल वापरायला मिळू लागली.

आणि एक गोष्ट मुद्दाम जवळून बघा. काही खोल्यांना स्वतंत्र बाथरूम नाही. बाहेर येऊन सामायिक बाथरूम वापरायची. तोच नळ, तीच ये-जा. चाळीत वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही की सामायिक मोरी ही हौस नसते. इथे मात्र तिला आता साधेपणाची शोभा आली आहे, आणि तिच्यासाठी लोक आनंदाने पैसे मोजतात.

शेजारी कॉफीचं दुकान आलं. त्याच्या हिरव्या भिंतीवर २०१० साली एका गायिकेने लिझसाठी लाल रंगात पाच शब्द लिहिले : ‘आय लव्ह यू सो मच’. फोटोची ती रांग याच भिंतीसमोरची.

याच काळात शहर फुगत होतं. १९९०च्या जनगणनेत ४ लाख ६५ हजार, २०२०मध्ये ९ लाख ६१ हजार. चिप आणि कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांनी माणसं ओढली. त्यांत पुण्या-नाशकाची, नागपूर-कोल्हापूरची मुलंही होती. मीही त्यांतलाच. पहिल्या पगारानंतर मित्रांबरोबर याच फुटपाथवर कॉफी प्यायलो, तेव्हा हे अंगण कुणाचं होतं असा प्रश्न मनाला शिवला नाही. आज तो सुटत नाही, म्हणून हा कॅमेरा.

स्वस्त खोल्या जाण्याचं एक कारण हे वाढतं शहर. दुसरं कारण कराचं. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे मालमत्ता करावर मोठा भार. शेजारची जागा चढ्या भावाने विकली गेली की तुमच्याही जागेचं मूल्यांकन चढतं. राहत्या घराला त्या वाढीवर मर्यादा असते. मोटेलला त्या काळी नव्हती. भाडेनियंत्रण राज्यात नाहीच. म्हणजे एखाद्या मालकाला स्वस्त खोल्या ठेवायच्या असल्या, तरी कराचं बिल त्याला ठेवू देत नाही. एका बाईला दोष देऊन म्हणूनच भागत नाही. पुढे लिझच्या हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीतही मोठं भांडवल आलं, आणि २०१९ साली तिलाच त्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं.

(दृश्य : इंटरस्टेट ३५. ट्रकांचा आवाज.)

मग ती बिऱ्हाडं गेली कुठे? आठवड्याच्या भाड्याच्या पाट्या आज या हायवेच्या कडेला दिसतात. पाळण्यात बाळ, खिडकीत पातेलं, दारात गाडी, आणि गाडीच्या मागच्या सीटवर उरलेलं सामान.

याच हायवेलगतची काही मोटेलं अलीकडच्या वर्षांत ऑस्टिन शहराने स्वतः विकत घेतली, बेघरांना निवारा द्यायला. सार्वजनिक पैशातून. खोल्या तशाच, ओळीने, दारापाशी गाडी लावायला जागा असलेल्या.

(दृश्य : निवाऱ्याची एक खोली. पलंगावर घडी घातलेलं ब्लँकेट, भिंतीला टेकवलेल्या दोन पिशव्या. दाराची किल्ली फिरल्याचा आवाज.)