ताप आधी, मधुमेह नंतर

फोंड्यात मधुमेहावर बोलायचं म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं, आता भात किती खायचा ते सांगणार. आज तो विषय नाही. आज लहान मुलांच्या मधुमेहाबद्दल, टाइप वनबद्दल बोलू.

मुलाला हा मधुमेह झाला की घरचे पहिला जाब आईला विचारतात. गोड फार द्यायचीस काय? चवथीतल्या नेवऱ्यांपासून दप्तरातल्या चॉकलेटपर्यंत सगळ्याचा हिशेब तिच्याकडून घेतात. या आजाराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. दुसरा प्रश्न मात्र मला शहाणपणाचा वाटतो: ‘डॉक्टर, पंधरा दिवसांमागे ताप येऊन गेला. त्यातूनच झालं असेल काय?’

टाइप वनमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते. हे चार दिवसांत होत नाही. त्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात लक्षणांच्या कित्येक महिने, बहुधा कित्येक वर्षं आधी सापडतात. पुष्कळ मुलांत तर वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच. मूल खेळत असतं आणि आत पेशी कमी होत असतात. मग आठव्या वर्षी साधा ताप येतो. तापात शरीराला इन्सुलिन जास्त लागतं, उरलेल्या पेशींना ते झेपत नाही आणि साखर भसकन चढते. म्हणजे तुमच्या लक्षात राहिलेला ताप हा बहुतेक वेळा शेवटचा धक्का असतो. सुरुवात एखाद्या विषाणूने केली असलीच, तर तो केव्हाच येऊन गेलेला असतो, आणि तेव्हा कदाचित कुणी थर्मामीटरही लावला नसेल.

विषाणूवरचा संशय जुना आहे. गालगुंडांनंतर मधुमेह झाल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून मिळतात. 1979 मध्ये अमेरिकेतलं एक प्रकरण गाजलं. दहा वर्षांचा मुलगा फ्लूसारख्या आजारानंतर कीटोॲसिडोसिसने, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठून, दगावला होता. त्याच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी4 सारखा विषाणू मिळाला आणि तो टोचल्यावर काही उंदरांचीही साखर वाढली. पण एका मुलावरून सिद्धांत उभा राहत नाही.

हा कॉक्सॅकी एंटरोव्हायरस कुळातला, पोलिओचा भाऊबंद. तोंडावाटे जातो, आतड्यात वाढतो, शौचावाटे बाहेर पडतो. ज्या रेणूला धरून तो पेशीत शिरतो, तो बीटा पेशींवर भरपूर असतो. म्हणून ‘टेडी’ नावाच्या अभ्यासात अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमधल्या, जनुकीय धोका असलेल्या हजारो मुलांच्या शौचाचे नमुने तान्हेपणापासून महिन्याच्या महिन्याला गोळा केले. (त्या आयांना माझा नमस्कार!) 2019 मध्ये निष्कर्ष आला. एंटरोव्हायरस बी (कॉक्सॅकी बी याच गटातला) नुसता येऊन गेला तर विशेष फरक दिसला नाही. पण एकाच मुलाच्या नमुन्यांत तो लांबत, रेंगाळत राहिला, तर पुढे बीटा पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी दिसण्याचं प्रमाण जास्त होतं. मला या सगळ्या संशोधनात हेच सर्वांत बोलकं वाटतं. नॉर्वेत तर नव्याने निदान झालेल्या 96 मुलांपैकी निम्म्यांना सहा महिने विषाणूविरोधी औषधं दिली. वर्षाने त्यांचं स्वतःचं इन्सुलिन बाकीच्यांपेक्षा बरं टिकलेलं होतं. इन्सुलिनची सुई मात्र त्यांचीही सुटली नाही.

आता उलट बाजू. टाइप वन जगात सर्वाधिक फिनलंडमध्ये. सीमेपलीकडच्या रशियन करेलियात जनुकं बरीचशी सारखी, संसर्ग जास्त, तरी हा आजार सुमारे सहा पटींनी कमी! विषाणू जास्त म्हणून मधुमेह जास्त, हे गणित तिथे कोसळतं. एक तर्क असा की जिथे हे विषाणू सतत फिरतात, तिथे आईच्या, विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी तान्ह्या बाळाला सांभाळून घेतात.

म्हणून पावसात शाळेत हात-पाय-तोंडाचा आजार आला की घाबरून मला फोन करू नका. तो बहुधा कॉक्सॅकीच्या ए गटाचा. संशय मुख्यतः बी गटावर आहे. शिवाय कुठला ना कुठला एंटरोव्हायरस जवळपास प्रत्येक मुलाला होतो आणि मधुमेह फार थोड्यांना. बी गटावरच्या लशीच्या माणसांवरच्या चाचण्या अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहेत. रुबेलाचं तसं नाही. आईच्या पोटात असताना रुबेला झालेल्या मुलांत पुढे मधुमेह जास्त आढळला, आणि त्यावर लस आहे. गोवर-रुबेला मोहिमेच्या 2017 च्या पहिल्याच टप्प्यात गोवा होता.

पालकांच्या हातात काय? मूल अचानक घटाघटा पाणी पिऊ लागलं, सुटलेली सवय परतून बिछाना ओला करू लागलं, कपडे ढिले झाले, तर बोटाच्या थेंबाची साखर त्याच दिवशी तपासा. जुलाब नसताना नुसत्या उलट्या, पोटदुखी आणि धापा टाकल्यासारखा श्वास दिसला तर पोट बिघडलं म्हणून घरी सरबत पाजत बसू नका. साखर 200 च्या वर आली, तर रात्र काढायची नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नाहीतर जवळच्या मोठ्या इस्पितळात तडक न्यायचं.