हुकलेल्या फोटोची चुटपुट: दोष खरंच कॅमेऱ्याचा असतो का?

(पडद्यावर: तालमीतला एक शेक झालेला फोटो. पाच सेकंद तसाच.)

हा फोटो आधी नीट बघा. मागं भिंतीला टेकवलेलं खोरं दिसतंय ना? एकदम स्पष्ट. त्याच्या दांड्याला गेलेली चीरसुद्धा दिसते. आणि पुढं, जिथं माणूस असायला पाहिजे, तिथं नुसता तांबूस धूर आहे. तो धूर म्हणजे आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली माती उकरत होते.

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून बोलतोय, आणि आजचा विषय माझ्या फार जवळचा आहे. हुकलेला फोटो. सहलीहून घरी आलो, रात्री फोटो लॅपटॉपवर घेतले, आणि ज्या एका फोटोवर सगळी भिस्त होती तोच गेलेला निघाला की पोटात खड्डा पडतो. तो खड्डा भरायला आपण दुकानात जातो. नवी लेन्स घेतो, नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा घेतो. मी दोन्ही केलंय. म्हणून आज माझे तीन-चार हुकलेले फोटो तुमच्यासमोर ठेवतो आणि प्रत्येक वेळी नेमकं काय चुकलं ते सांगतो.

तालमीपासूनच सुरू करू. थंडीचे दिवस होते. ऊन अजून पडलं नव्हतं, वरच्या झरोक्यातून नुसता फिकट उजेड येत होता. हौद्यातली लाल माती म्हणजे साधी माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं. आत पाऊल टाकलं की आधी तो वास येतो. वस्ताद कमरेत वाकून माती वर-खाली करत होते, आणि प्रत्येक खोऱ्यासरशी उडालेली माती त्या उजेडात क्षणभर थांबल्यासारखी दिसायची. मला तेवढंच पाहिजे होतं.

माझ्याकडं कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स होती, 18-55. ती पूर्ण झूम केली की तिचं अ‍ॅपर्चर एफ 5.6 च्या पुढं उघडत नाही. अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्समधलं भोक; एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं ते मोठं. आयएसओ, म्हणजे आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून घेतो तो आकडा, मी 800 वर बांधून ठेवला होता, कारण कुणीतरी सांगितलेलं, "आठशेच्या वर गेलास तर फोटोत दाणे येतात." मग कॅमेऱ्यानं शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, दिला 1/15 सेकंद. सेकंदाच्या पंधराव्या भागात काम करणारा माणूस बराच हलतो. खोरं हललं नाही, ते स्पष्ट आलं. वस्ताद हलले, ते गेले.

घरी येऊन मी काय ठरवलं? लेन्स वाईट आहे. 50 एमएमची एफ 1.8 लेन्स घेतली पाहिजे. घेतलीसुद्धा, दहा हजारांच्या आत-बाहेर.

आता हिशेब बघा, कारण हा हिशेब मला कुणी त्याच दिवशी करून दाखवला असता तर बरं झालं असतं. एफ 5.6 वरून एफ 1.8 वर गेलं की उजेड साधारण दहा पट येतो. म्हणजे 1/15 चा शटर 1/150 होतो. बरोबर? आता लेन्स तीच ठेवा आणि आयएसओ 800 वरून 6400 करा. आठ पट. शटर होतो 1/120. जवळजवळ तेवढाच! जी गोष्ट मी दहा हजार रुपये देऊन आणली, तिच्यातली बरीचशी त्या सकाळी माझ्या अंगठ्याखाली फुकट होती. दाणे आले असते, हो. पण दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी निघतात. हललेला माणूस कशानंही जागेवर येत नाही.

तेव्हापासून माझ्या कॅमेऱ्यात ऑटो आयएसओ कायम चालू असतो, म्हणजे उजेड बघून आयएसओ कॅमेराच ठरवतो. वरची मर्यादा 6400, आणि शटर कमीत कमी 1/250. प्रत्यक्ष कुस्ती असेल तर 1/500 च्या खाली जात नाही. तुमच्या कॅमेऱ्यात हे सेटिंग मेन्यूमध्ये कुठं आहे ते आजच शोधून ठेवा. जत्रेत उभं राहून शोधायची ती गोष्ट नाही.

आठ महिन्यांनी नवी लेन्स घेऊन त्याच तालमीत गेलो. हौद्यावर दोन ट्यूबलाइट बसल्या होत्या, झरोका पत्र्यानं बंद केला होता. पावसाचं पाणी आत येत होतं म्हणे. पोरांच्या दृष्टीनं चांगलंच झालं. तो उजेड मात्र गेला.

आता जोतिबा. चैत्र पौर्णिमेची यात्रा ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, त्या दिवशी वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर हवासुद्धा गुलाबी असते. गावोगावच्या सासनकाठ्या येतात. उंचच्या उंच काठी, ती एका माणसानं पेललेली, चारी बाजूंनी दोऱ्या धरून तोल सांभाळणारी माणसं, हलगी कडाडते, "जोतिबाच्या नावानं चांगभलं" आणि वरून गुलाल-खोबऱ्याची उधळण. एवढा फोटोजेनिक दिवस आमच्या जिल्ह्यात दुसरा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी त्या गर्दीत उभं राहून लेन्स बदलली. लांबची काढली, जवळची लावली. दहा-पंधरा सेकंदांचं काम. तेवढ्यात मागून गुलालाची मूठ आली. लगेच काही कळलं नाही. दुपारनंतर झूमची रिंग फिरवताना बोटाला कचकच लागायला लागली, जात्यात खडा आल्यासारखी. आणि रात्री बघतो तर आकाश असलेल्या प्रत्येक फोटोत, त्याच जागी, तेच सहा-सात काळे ठिपके. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत फोटो टिपणाऱ्या भागावर, गुलाल बसला होता.

गुलाल फार बारीक असतो, हे एक. आणि दुसरं म्हणजे झूम करताना जी लेन्स लांब-आखूड होते, ती भात्यासारखी हवा आत ओढते. हवेबरोबर गुलालही. म्हणजे तुम्ही लेन्स बदलली नाही तरी तो आत जाऊ शकतो. जोतिबाला, रंगपंचमीला, विसर्जन मिरवणुकीला एकच लेन्स लावून जा. वरून साधी पॉलिथिनची पिशवी घाला, लेन्सच्या तोंडाशी रबर बांधा, पुढं एक साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसणारी पारदर्शक काच, लावा. फिल्टर खराब झाला तर फेकून देता येतो.

आणि कॅमेऱ्यावर गुलाल बसलाच, तर ओलं फडकं लावायचं नाही! मी लावलं होतं. कोरडा गुलाल म्हणजे धूळ असते, पाणी लागलं की तो रंग होतो आणि बटणांच्या फटीत जाऊन बसतो. आधी रबरी ब्लोअरनं हवा मारायची, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. मग मऊ ब्रश. शेवटी, गरज पडली तरच, लेन्सचं लिक्विड. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात. सेन्सरला स्वतः हात लावू नका, माहीतगाराकडं द्या.

त्या यात्रेतला एक फोटो अजून डोळ्यांसमोर आहे. काठी पेलणाऱ्या एका पैलवानाच्या मानेवरून घामाची धार गुलालातून वाट काढत खाली आली होती. अगदी दोन हातांवर होता तो. मी तेव्हा खाली बघत लेन्सचं झाकण बसवत होतो. लेन्स माझ्याकडं होती, उजेड भरपूर होता. माझं लक्ष सामानात होतं, एवढंच.

दाजीपूरचं थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात राधानगरीवरून फोंडा घाटाकडं निघालो होतो. गाडीत एसी चालू, कॅमेरा मांडीवर. वळणावर गवा उभा. काच खाली केली, कॅमेरा उचलला, आणि सगळं पांढरं! लेन्सच्या थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागली की बाष्प धरतं, चहाच्या वाफेनं चष्म्यावर धरतं तसंच. पुसलं की पुन्हा धरतं. गवा रस्ता ओलांडून गेला. आता घाट जवळ आला की वीसेक मिनिटं आधी एसी बंद करतो आणि काचा उघडतो. घरच्यांची कुरकुर ऐकून घेतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशीही धरते, तेव्हा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं तरी घरात असू द्या. कातडी बॅगेत महिनोनमहिने कॅमेरा ठेवू नका.

एक गोष्ट मित्राची. हंपीहून परत येताना त्याच्या हातून कार्ड फॉरमॅट झालं. गडबडीत त्यानं त्याच कार्डावर पुन्हा फोटो काढायला सुरुवात केली, आणि खरं नुकसान तिथं झालं. साध्या फॉरमॅटमध्ये फोटो लगेच पुसले जात नाहीत, ती जागा मोकळी आहे अशी नोंद होते फक्त. वर नवीन काही लिहिलं नाही तर रिकव्हरी सॉफ्टवेअरनं बरेच फोटो परत मिळू शकतात. असं झालं तर कार्ड काढा, खिशात ठेवा, दुसरं घाला. दुसरं कार्ड जवळ असणं ही दोनशे एमएमच्या लेन्सपेक्षा मोठी गोष्ट आहे.

आमच्या कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, ते आपल्यापैकी किती जण थांबून बघतात? बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांना सिनेमा काढायचा होता. आनंदराव 1916 मध्ये गेले. तरी बाबूरावांनी सोडलं नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि आपले शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेराच घडवला, इथं, याच गावात. मी नवी बॉडी घ्यायची की नाही या विचारात असलो की गाडी तिकडून नेतो. त्या माणसाला आपल्या कॅमेऱ्याचा स्क्रू अन् स्क्रू माहीत असणार. मला माझ्या कॅमेऱ्याचा मेन्यू पुरा माहीत नव्हता आणि मी पुढच्या मॉडेलची चौकशी करत होतो, याची मला मनापासून खंत वाटते.

आता खिद्रापूर. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, कोपेश्वराचं देऊळ. शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या स्वर्गमंडपाला वर छप्पर नाही, गोल मोकळं आकाश आहे. भोवती खांबांची गोलाकार रांग. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलाच्या बरोबर वर येतो, आणि खालच्या गोल शिळेवर चांदणं उतरतं. लोक त्यासाठी लांबून येतात.

मी तीच नवी 50 एमएमची लेन्स घेऊन गेलो. मोठ्या विश्वासानं. खाली आडवा होऊन वर बघितलं, तर अर्धा गोलही फ्रेममध्ये येईना. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, क्रॉप सेन्सर म्हणतात तो. त्यावर 50 ची लेन्स 75-80 सारखी वागते. चेहऱ्याला उत्तम, मंडपाला अगदीच अपुरी. तालमीतली चुटपुट भरून काढायला घेतलेली लेन्स मी खिद्रापूरला घेऊन गेलो होतो! हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मंडळी. आपण खरेदी मागच्या सहलीसाठी करतो आणि निघतो पुढच्या सहलीला.

आणि खिशात काय होतं? फोन. त्यात अल्ट्रावाइड, म्हणजे एकदम रुंद दृश्य टिपणारा कॅमेरा होता. अख्खा गोल, सगळे खांब आले असते. पण कॅमेरा सोबत आहे म्हटल्यावर फोन मी मोजतच नव्हतो. गाडीत बसल्यावर आठवलं.

तिथं जाणाऱ्यांसाठी आणखी एक. चंद्रावर थेट ऊन असतं, त्यामुळं तो फार उजळ असतो. आयएसओ 100, एफ 11, शटर 1/100 च्या आसपास ठेवला की त्याच्यावरचे डाग दिसतात. त्याच सेटिंगवर खांब काळेकुट्ट येतात. दोन्ही एका फोटोत मागू नका. खांबांवरच्या कोरीव कामासाठी एक काढा, चंद्रासाठी वेगळा काढा. ट्रायपॉड न्यायचा असेल तर अशा स्मारकांत परवानगी लागते, ती आधी काढा.

मग आता घ्यायचं काय, असं विचाराल. मी तुम्हाला काही घेऊ नका म्हणत नाही. 50 ची लेन्स मला आज फार आवडते, घरातल्या बारशाचे, मुंजीचे फोटो तिच्यावरच काढतो. फक्त दुकानात जायच्या आधी तो हुकलेला फोटो उघडा आणि त्याला विचारा: उजेड कमी पडला, अंतर जास्त झालं, की माझा हात वेळेवर पोचला नाही? माझ्या बहुतेक फोटोंचं उत्तर तिसरं आलं. आणि त्याला उपाय एकच सापडला. फिरायला बाहेर पडलो की कॅमेरा बॅगेत ठेवत नाही. गळ्यात, चालू, झाकण घरी.

हा पहिला फोटो पुन्हा लावतो. (पडद्यावर: तोच फोटो) परवा तालमीत गेलो तेव्हा फोनवर वस्तादांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मी म्हणालो, "वस्ताद, शेक झालाय, तुम्ही आलाच नाही त्यात."

ते म्हणाले, "मी नसू दे की. ते खोरं आमच्या म्हाताऱ्याचं हाय. गेल्या पावसात दांडा मोडला त्याचा. मला एक कॉपी काढून दे."

राजारामपुरीतून बारा बाय अठराची प्रिंट काढून आणली. उद्या सकाळी द्यायला जातोय.