रविवारी रात्री मेस बंद असते

(दृश्य : टिळकवाडी, दुसरं रेल्वे गेट. पाऊस. संध्याकाळचे साडेसात.)

रविवार. बेळगावात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलामुलींसाठी या वाराचा अर्थ एकच, आज रात्री मेस बंद. दुपारच्या ताटात काहीतरी गोड असतं, पण त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत ज्याचं त्यानं बघायचं. बाहेर जुलैचा पाऊस धरून बसलाय. एकतर छत्री घेऊन गाड्यावर जायचं, नाहीतर पाकीट फोडून नूडल्स उकळायच्या.

मी इथं शिकत होते तेव्हा दोन वर्षं पाकिटंच फोडली. जेवण झाल्यासारखं वाटायचं आणि अकरा वाजता, नेमकं पुस्तक उघडलं की, पोटात पुन्हा कालवायला लागायचं. तेव्हा कुणीतरी शेजारी बसून, "हे असं कर" म्हणून दाखवायला हवं होतं. म्हणून आज कॅमेरा घेऊन एका खोलीत आले आहे.

(दृश्य : खोली. दोन कॉट, खिडकीत वाळत घातलेले कपडे.)

खोली दोघींची. एक चंदगडची, एक अथणीची. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पण तिथल्या पोरींना कॉलेजला बेळगावच जवळ पडतं. हिचा मुलूख भाताचा आणि नाचणीचा, तिचा जोंधळ्याचा. हिच्या घरी मराठी, तिच्या घरी कन्नड. खोलीत दोन्ही चालतं. मालकीणबाईंनी गॅसला नको म्हटलंय आणि इंडक्शनला परवानगी दिलीय. म्हणजे एक शेगडी, सपाट बुडाचं एक पातेलं, एक लहान कुकर. संसार एवढाच.

कॉटखाली घरून आलेले डबे आहेत. शेवया. जोंधळ्याच्या कण्या. मसूरडाळ. संकेश्वरी मिरचीचं तिखट. शेंगदाण्याची चटणी आणि कारळ्याची चटणी. अथणीची तिला गुरेळ्ळू म्हणते. दुकानातून आणलेली वस्तू एकच, अर्धा किलो पास्ता.

"काय करूलीस गं? डाळ धुतलीस काय?"

"धुतली की. तू कांदा चीर."

(दृश्य : पातेलं, जवळून.)

दोघींसाठी अर्धी वाटी मसूरडाळ. भिजवायची गरज नाही, घाईच्या माणसाला याहून सोयीची डाळ नाही. तेलावर कांदा, ठेचलेल्या लसणाच्या सहा-सात पाकळ्या, दोन टोमॅटो. हळद, तिखट. मग डाळ आणि पाच वाट्या पाणी. उकळी फुटली की वर फेस येतो, मळकट केशरी. चंदगडची तो चमच्यानं काढते, नाहीतर झाकण ठेवल्यावर सगळं उतू जाऊन शेगडीवर येतं. पंधरा मिनिटांत डाळ बोटानं दाबली की मोडते.

आता त्याच डाळीत दीड वाटी पास्ता आणि मीठ. वेगळं पातेलं नाही, पाणी उपसून टाकणं नाही. दहा मिनिटं, आणि मधून मधून तळापासून ढवळायचं, कारण इथंच तो बुडाला धरतो. घट्ट वाटलं तर अर्धी वाटी गरम पाणी. पास्त्याचं पिठूळ पाणी आपण ओतून देतो, पण रस दाट होतो तो त्याच्यामुळंच. ते डाळीतच राहिलं की साय लागत नाही, लोणी लागत नाही. वरून चीजच्या जागी शेंगदाण्याची चटणी भुरभुरायची. मला विचाराल तर कारळ्याची जास्त चांगली लागते, तिचा किंचित कडवटपणा टोमॅटोला उठाव देतो.

ही काही कुणी काल शोधलेली युक्ती नाही. इटलीत घेवड्याच्या दाण्यांत पास्ता शिजवतात, त्याला पास्ता ए फाजोली म्हणतात. मसुरातही शिजवतात. शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या घरचं जेवण ते. आणि आमटीत कणकेचे तुकडे सोडून शिजवलेल्या चकोल्या आपल्याकडं कुणाला नवीन आहेत? चंदगडचीनं पहिल्यांदा हे केलं तेव्हा आईला व्हिडिओ कॉल करून पातेलं दाखवलं. आई म्हणाली, "चकोल्या केलीस होय?"

डाळ आणि धान्य एकत्र आलं की पोट टिकतं, त्याला कारण आहे. गव्हा-तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो आणि डाळीत तो भरपूर असतो. डाळीत कमी असतं ते मेथिओनिन, आणि ते धान्यातून येतं. वरण-भात, खिचडी, भाकरीबरोबरचं पिठलं, सगळी हीच जोडी. नूडल्सच्या पाकिटात मैदा आणि तेल असतं, डाळ नसते. मला अकरा वाजता भूक का लागायची, ते मला फार उशिरा कळलं.

(दृश्य : पास्त्याचं पाकीट, मागची बाजू.)

पाकीट घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलं असेल तर पास्ता शिजूनही अखंड राहतो. नुसता मैदा असेल तर तो डाळीत पार विरघळायला येतो. आपल्याकडं बन्सी म्हणून जो जाड पिवळसर रवा मिळतो, तोही ड्युरमचाच.

आणि या ड्युरमचा पूर्वज आपल्या शेतात आहे. खपली गहू. बेळगाव, बागलकोट, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या पेरला जातोय. टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं, त्यामुळं कांडून सडल्याशिवाय दाणा सुटत नाही. खपली आणि ड्युरम, दोघांतही 28 गुणसूत्रं. रोजच्या पोळीच्या गव्हात 42. कन्नडमध्ये तो जवे गोदी. इटलीत त्यालाच फार्रो म्हणतात आणि सूपमध्ये घालतात. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठानं डीडीके 1029 सारखी त्याची बुटकी वाणंही काढलीत.

माझ्या आजोळी, निपाणीजवळ, खपलीच्या रव्याच्या शेवया व्हायच्या. एप्रिलची दुपार, मळून मळून लवचिक केलेला गोळा, पितळी चकती लावलेलं यंत्र, आणि दांडी फिरवायला आम्ही पोरं. चकतीतून पडणारा झुपका मामी दोन्ही हातांवर झेलायच्या आणि काठीवर वाळत घालायच्या. रवा मळायचा, भोकातून दाबायचा, वाळवायचा. पास्त्याच्या कारखान्यातही हेच चालतं. म्हणून पास्ता परका, शेवया गावठी, असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

खोलीत शेवयांचा उपमा आठवड्यातून दोनदा होतो. कोरड्या भाजून ठेवल्या की दहा मिनिटांचं काम. फक्त पावसाळ्यात डबा घट्ट लावायचा. इथली हवा एका आठवड्यात त्यांना वास आणते.

परीक्षेच्या दिवसांत तर शेगडीसमोर उभं राहायलाही वेळ नसतो. तेव्हा चुरमुऱ्यांचा सुशीला. चुरमुरे भिजवून पिळायचे, वर फोडणी, पुठाण्याच्या म्हणजे भाजक्या हरभऱ्याच्या डाळीची पूड, लिंबू.

(दृश्य : रात्रीचे साडेदहा. पातेलं पुन्हा शेगडीवर.)

आता अथणीची पाळी. उद्या आठ वाजता तिचं प्रॅक्टिकल आहे. एक वाटी जोंधळ्याच्या कण्या तिनं संध्याकाळीच भिजत घातल्या होत्या. चार वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर वीस मिनिटं, मऊ होईपर्यंत. मग पातेलं झाकून खिडकीत. ताक आत्ता नाही. गरम कण्यांत ताक घातलं की ते फुटतं. सकाळी थंड कण्यांत ताक, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, आणि हातानं फोडलेला कांदा. शेगडी पेटवायचीच नाही.

फोन वाजतो. पलीकडून आई विचारते, "ऊटा आयता?"

ती हो म्हणते आणि काय काय जेवलो ते कन्नडमधून सांगत बसते. मध्ये "चकोल्या" हा शब्द मराठीतच येतो.

दरम्यान चंदगडची कपाटातून कापडाची पुरचुंडी काढते. कांडून सडलेली खपली, अर्धा किलो. पुढच्या शनिवारी रात्री भिजवायची, रविवारी कुकरला लावायची. अर्धी तिखट करायची, टोमॅटो आणि मसूर घालून. उरलेल्या अर्ध्यात गूळ आणि खोबरं.

"म्हणजे खीर," ती म्हणते.

फोनवर हात ठेवून अथणीची वळते. "हुग्गी."