फुकटचं प्यादं सोडत नाही? मग त्याला एव्हान्स गॅम्बिट दाखवा

नमस्कार मंडळी! ऑनलाइन बुद्धिबळात तुमचाही असा एक गडी असेलच. रोज रात्री भेटतो, हरला की लगेच रीमॅच मागतो, आणि त्याच्या पहिल्या पाच-सहा चाली तुम्हाला तोंडपाठ असतात. माझा गडी काळ्याकडून ई४ला ई५च खेळतो, उंट सी५वर काढतो, आणि समोर प्यादं दिसलं की खातोच. अशा खेळाडूविरुद्ध मला एव्हान्स गॅम्बिटइतकं दुसरं काही आवडत नाही. गॅम्बिट म्हणजे पुढच्या हल्ल्यासाठी सुरुवातीलाच मुद्दाम प्यादं देणं.

[पट स्क्रीनवर]

ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५. आणि आता बी४! प्यादं थेट उंटाच्या तोंडी. वेल्सच्या कॅप्टन एव्हान्स नावाच्या दर्यावर्दीने १८२०च्या दशकात ही चाल आणली. उंटाने प्यादं मारलं की सी३, उंट ए५ला पळतो, की लगेच डी४. म्हणजे एक प्यादं गेलं, पण उंटाला पळवता पळवता मध्य आपल्या ताब्यात येऊ लागला.

हे जुनंपानं आहे असं समजू नका. १९९५मध्ये रीगाला तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हने विश्वनाथन आनंदविरुद्ध हेच काढलं आणि २५ चालींत डाव जिंकला. त्याच वर्षी पुढे दोघांची न्यूयॉर्कला जगज्जेतेपदाची लढत झाली.

पण हावरेपणाची शिक्षा बघायची तर बॉबी फिशर (पांढरा) विरुद्ध रूबेन फाइन (काळा), न्यूयॉर्क, १९६३, हा मैत्रीचा डाव बघा. फाइन म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. १९३८च्या अ‍ॅव्हरो या दिग्गजांच्या स्पर्धेत तो पॉल केरेससोबत पहिला आला होता.

डी४पर्यंत सगळं वरच्यासारखंच. मग काळ्याने डी४वरचं प्यादं मारलं, पांढऱ्याने कॅसलिंग केलं, म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला नेला, काळ्याने सी३वरचंही मारलं. मग वजीर बी३, एफ७वर डोळा. वजीर ई७, घोड्याने सी३ घेतलं. इथे थांबा आणि मोजा. पांढरा दोन प्यादी मागे आहे, पण त्याचे दोन्ही घोडे, उंट, वजीर बाहेर आलेत आणि राजा सुरक्षित आहे. काळ्याचा राजा अजून मधोमध. आता घोडा एफ६ ही साधी वाटणारी चाल, आणि फिशरचा घोडा डी५वर. घोडे मारले गेले, ई फाइल म्हणजे ईची उभी रांग उघडली, काळा वजीर ई५वर येऊन उभा. उंट बी२! वजीर जी५ला गेला.

आता एच४. आणखी एक प्यादं! वजिराने तेही खाल्लं. उंटाने जी७ मारलं, हत्ती जी८, मग हत्ती ई१वरून शह, राजा डी८. आणि सतरावी चाल: वजीर जी३!!

[इथे पट मोठा करा]

वजीर उघड्यावर ठेवलाय. मारला, तर उंट एफ६ आणि मात: ई८ आणि ई७ हत्तीच्या माऱ्यात, बाकी घरं काळ्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली. हत्तीने जी७चा उंट मारला, तर आपण एच४चा वजीर शह देऊन मारतो. फाइनने डाव सोडला.

तुमचा गडी कुठे चुकतो ते आधीच शोधता येतं. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर ओपनिंग एक्सप्लोररमध्ये ‘प्लेअर’ निवडा, त्याचं नाव टाका, काळा रंग घ्या. कोणत्या चालीला तो काय खेळतो ते समोर येतं. हे डावाआधीच करायचं हां. डाव चालू असताना इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्राम, उघडणं ही सरळ फसवणूक आहे.

आता तोही हा व्हिडिओ बघेल. शहाणा असेल तर डी४ला डी६ खेळून पुढे उंट बी६वर नेईल. ही जुना जगज्जेता लास्करची कल्पना: खाल्लेलं प्यादं परत द्यायचं, वजीर काढून टाकायचे आणि हल्ल्याची हवाच काढायची. म्हणून डी६ आलं की घाईने कॅसलिंग करू नका. सातवी चाल लगेच वजीर बी३. एफ७वर दुहेरी मारा बसतो. वजीर डी७ हे त्याचं चांगलं उत्तर आहे, पण त्याने त्याच्याच सी८वरच्या उंटाची वाट अडते, आणि आपल्याला हवा तसा डाव पुन्हा सुरू होतो.