बारा वर्षं कोणत्या दिवसापासून?

जमिनीच्या वादात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "जमीन आमच्या बापाची, आम्ही कधीही मागू शकतो." दुसरं, "बारा वर्षं कसतोय, आता जमीन आमचीच." दोन्ही अर्धवट आहेत. बारा हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो कोणत्या दिवसापासून मोजायचा, हे फारसं कुणी विचारत नाही. दावे बुडतात ते तिथेच.

मुदतीचा कायदा 1963 चा. मालकीच्या आधारावर जमिनीचा ताबा मागायचा, तर त्यातला अनुच्छेद 65 लागतो. समोरच्याचा कब्जा मालकाच्या विरुद्ध झाला, त्या दिवसापासून 12 वर्षं. सरकारला स्वतःची जमीन परत घेण्यासाठी दावा लावायचा असेल, तर 30 वर्षं. मुदत संपली की दावा तर जातोच, पण कलम 27 प्रमाणे हक्कही संपतो. पैशाच्या बाबतीत वसुलीची मुदत गेली तरी कर्ज बुडत नाही, दावा तेवढा लावता येत नाही. जमिनीचं तसं नाही.

आणि समोरच्याने कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) मुदतीचा मुद्दा घेतला नाही, तरी कलम 3 मुळे न्यायालयाला तो बघावाच लागतो. उशीर माफीचा अर्ज, म्हणजे कलम 5, अपिलाला चालतो. मूळ दाव्याला चालत नाही. अनेकजण वकिलाकडे "माफीचा अर्ज टाकू की" म्हणत येतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो.

आता घड्याळ सुरू कधी होतं? 1908 च्या जुन्या कायद्यात ताबा गेलेल्या मालकाला दाखवावं लागे की 12 वर्षांच्या आत जमीन माझ्या कब्जात होती. आता मालकी सिद्ध झाली की ओझं समोरच्यावर. कोणत्या तारखेला शिरलो, उघडपणे शिरलो, मालक म्हणूनच राहिलो आणि खंड पडला नाही, हे त्याने सिद्ध करायचं. नुसतं "पूर्वीपासून वहिवाट आहे" पुरत नाही. राखणदार, कूळ, सोय म्हणून ठेवलेला पाहुणा यांचा कब्जा परवानगीचा. तो पन्नास वर्षं राहिला तरी आपोआप विरुद्ध होत नाही. मात्र शेजाऱ्याने 2012 मध्ये दहा गुंठे आत घेऊन उघड्यावर तारेचं कुंपण घातलं, ते स्वतःचंच म्हणून कसलं, आणि तुम्ही 2025 मध्ये मोजणी आणून "आत्ता कळलं" म्हणालात, तर अडचण आहे. कब्जा डोळ्यांना दिसण्यासारखा असला की तुम्ही पाहिला नाही, हा बचाव लंगडा पडतो.

भावकीचं गणित वेगळं. एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांचा कब्जा. सातबारावर एकट्या भावाचं नाव, पीकपाहणीत त्याचं नाव, म्हणून बहिणीचा हिस्सा गेला असं होत नाही. फेरफार ही महसुलासाठी केलेली नोंद. तिने मालकी जन्माला येत नाही. पण "तुझा यात काही संबंध नाही" असं भावाने स्पष्ट सांगितलं, नोटिशीला उत्तर देऊन हिस्सा नाकारला, तर तिथून काटा फिरू लागतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्याला, वगळल्याचं कळल्यापासून 12 वर्षं.

खरी फसगत कागदात होते, कारण तिथे 12 नाही, 3 वर्षं आहेत. तुम्हीच सही केलेलं खरेदीखत किंवा हक्कसोडपत्र फसवून घेतलं असेल, तर रद्द करून घेण्याची मुदत फसवणूक कळल्यापासून 3 वर्षं. तुम्ही अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, असताना पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय जमीन विकली, तर सज्ञान झाल्यापासून 3, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत. दस्त नोंदणीकृत असला, तर "कळलंच नाही" म्हणणं फार जड जातं. सुरतेकडच्या एका जमिनीचं खरेदीखत 2009 चं, "मोबदल्याचे बहुतेक पैसे मिळालेच नाहीत" म्हणून दावा 2014 चा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो उंबऱ्यावरच फेटाळणं कायम ठेवलं, साक्षीपुराव्यापर्यंत गेलाच नाही.

मग तीन की बारा? मालकी जाहीर करा आणि ताबाही द्या, अशी दोन्ही मागणी मालकीच्या आधारावर असेल, तर 12 वर्षं धरायची, हे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. पण ताबा मागायचा सोडून फक्त मालकी जाहीर करून मागितली, तर 3 वर्षं. दावा मांडतानाच हे चुकलं, की पुढे सावरणं कठीण.

आता महसुलाची वाट. फेरफाराच्या आदेशावर प्रांताधिकाऱ्याकडे अपील 60 दिवसांत. पुढच्या फेरतपासणीला कायद्यात मुदत लिहिलेली नव्हती, म्हणून ती कधीही मागता येते असा समज पसरला. महाराष्ट्रातल्याच प्रकरणात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 17 वर्षांनंतरची फेरतपासणी मोडून काढली. मुदत नसली तरी वाजवी काळ असतो, आणि तो साधारण 3 वर्षांचा. वाटेच्या अडवणुकीसाठी मामलेदार कोर्टात, म्हणजे तहसीलदारापुढे, तर सहाच महिने मिळतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तलाठी, तहसील, प्रांत, आयुक्त असं फेरफाराचं भांडण वर्षानुवर्षं चालतं आणि तेवढ्यात दिवाणी दाव्याची मुदत संपते. अर्ज, निवेदन, वकिलाची नोटीस यांनी घड्याळ थांबत नाही, ते थांबतं दावा दाखल झाल्यावर. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला काळ कलम 14 खाली वजा होऊ शकतो, पण नोंदीच्या भांडणाला ती सवलत मिळेलच असं धरून बसू नये. सरकारविरुद्ध दाव्याआधी द्यावी लागणारी दोन महिन्यांची नोटीस मात्र वजा होते. शिवाय मुदत संपण्यापूर्वी समोरच्याने तुमचा हक्क सहीनिशी लेखी कबूल केला, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. तोंडी "देतो की, घाई काय" याला कायद्यात किंमत शून्य.

तेव्हा वकिलाकडे जाण्याआधी फेरफारांच्या नक्कला, दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि सगळ्या वर्षांची पीकपाहणी काढा, आणि एका कागदावर तारखा उतरवा: कब्जा कधी गेला, दस्त कधी नोंदला, हिस्सा पहिल्यांदा कधी नाकारला. त्यातली जी तारीख सांगायला तुम्हाला अवघड वाटेल, समोरचा वकील उलटतपासणीत पहिल्यांदा तीच विचारणार.