जॉन हॅरिसनचे सागरी घड्याळ

पडद्यावर दिसणारे हे घड्याळ ग्रिनिचच्या वेधशाळेत जतन केलेले असून ‘एच-४’ या नावाने ओळखले जाते. तेरा सेंटिमीटर व्यासाचे आणि सुमारे दीड किलो वजनाचे हे यंत्र जॉन हॅरिसन या मूळच्या सुताराने १७५९ मध्ये पुरे केले.

भर समुद्रात जहाजाचे रेखांश ठरवायचे, तर तिथल्या स्थानिक वेळेबरोबरच निघालेल्या बंदराची त्या क्षणीची वेळही ठाऊक असावी लागते. दोहोंत चार मिनिटांचा फरक असला, तर जहाज एक अंश सरकलेले असते. हे रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगणाऱ्यास वीस हजार पौंड देण्याचे ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये जाहीर केले होते. हलत्या जहाजावर लंबकाची घड्याळे निरुपयोगी ठरत.

हॅरिसनची आधीची तीन घड्याळे अवजड होती. तिसऱ्यावर त्याने तब्बल १९ वर्षे घालवली; मात्र त्याच काळात त्याला पितळ आणि पोलाद यांची जोडपट्टी सुचली, म्हणून ती वर्षे वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही. पितळ पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावत असल्यामुळे हवा तापली की ही पट्टी वाकते, आणि तिच्या वाकण्याने हेअरस्प्रिंगची, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगची, चालती लांबी कमी होऊन उष्म्याने मागे पडू पाहणारे घड्याळ सावरते.

‘एच-४’मध्येही हीच जोडपट्टी आहे, पण त्याहून देखणी योजना कमानीची, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या स्प्रिंगची, आहे. मुख्य कमान सैल होत जाते तशी तिची ओढ घटते, म्हणून हॅरिसनने मध्ये एक लहान कमान बसवली, जी दर साडेसात सेकंदांनी नव्याने गुंडाळली जाते आणि मागेपुढे झुलत सेकंदाला पाच ठोके देणाऱ्या बॅलन्स चाकाकडे जवळजवळ एकसारखे बळ पोचवते. या चाकाला गती देणारी टोके, म्हणजे पॅलेट्स, हिऱ्याची आहेत.

१७६१ मध्ये हॅरिसनचा मुलगा विल्यम हे घड्याळ घेऊन जमैकाला निघाला. घड्याळ रोज ठरावीक प्रमाणात मागे-पुढे होते, तो आधीच ठाऊक असलेला फरक हिशेबात धरता ८१ दिवसांत ते जेमतेम पाच सेकंद मागे पडले. तरीही बक्षिसाचा निर्णय घेणाऱ्या रेखांश मंडळाचे समाधान झाले नाही, आणि १७६४ मध्ये बार्बाडोसपर्यंत दुसरी चाचणी घ्यावी लागली. पुढे घड्याळजी लार्कम केंडॉलने बनवलेली हुबेहूब प्रतिकृती ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकने १७७२ च्या सफरीवर नेली, आणि तिच्यावर त्याचा पूर्ण विश्वास बसला. त्यानंतर अशी अचूक सागरी घड्याळे, म्हणजे क्रोनोमीटर, हळूहळू जहाजांवर रुळली. १८२६ मध्ये मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने वेधशाळा उभारली, तीही बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ मिळावी याच गरजेतून.