आधी तुमची सगळ्यांत अवघड फाइल उघडून बघा

मंडळी, वर्ड-एक्सेलच्या जागी फुकटातलं काय घ्यावं, यावर बोलायला मला फोंड्याला बोलावलंत. नाव सांगून मोकळा होऊ शकतो, पण आधी आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाची गोष्ट ऐका.

तीन अंकी संहिता मी वर्डमध्ये टाइप केली होती, मंगल फॉन्टात. छापील प्रती नटांना वाटल्या. प्रॉम्प्टरने तीच फाइल आपल्या लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी मुक्त प्रणाली) लॅपटॉपवर लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या जागी चालणाऱ्या फुकटातल्या संचात, उघडली आणि स्वतःची प्रत वेगळी छापली. तालमीला दिग्दर्शक म्हणाले, "चौतीस पान काढा." नटांच्या चौतिसाव्या पानावर सासरा रागावतोय, प्रॉम्प्टरच्या पानावर सून अजून माहेरीच! मंगल मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट. त्या लॅपटॉपवर तो नव्हता, म्हणून दुसरा आला, ओळी लांबल्या, पानं सरकली. दोष लिब्रेऑफिसचा नाही, फॉन्ट निवडणाऱ्याचा, म्हणजे माझा. आता मी मुक्त परवान्याचा, म्हणजे कोणालाही वापरता-वाटता येणारा, नोटो देवनागरी वापरतो आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फॉन्ट फाइलीतच भरून ठेवतो. अजून एक खोड सांगतो. लिब्रेऑफिसच्या स्टाइलमध्ये इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा असतो. आकार सोळा केला तरी मराठी अक्षर बारावरच अडून बसलंय, असं झालं तर समजा की तुम्ही इंग्रजीचाच आकार बदललाय.

आता नावं. ओपनऑफिस अनेकांच्या तोंडी आहे. 2010 मध्ये त्याची मालक सन कंपनी ओरॅकलकडे गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते घडवणारी बरीच मंडळी वेगळी होऊन लिब्रेऑफिसचा संसार मांडून बसली. ओपनऑफिसची 4.1 ही आवृत्ती 2014 ची, नंतर नुसती डागडुजी. ते डॉकएक्स, म्हणजे वर्डची नेहमीची फाइल, उघडतं, पण त्याच रूपात सेव्ह करू शकत नाही. बँकेला, सीएला फाइल पाठवायची असेल तर हे घेऊच नका. ओन्लीऑफिस दिसायला वर्डसारखं आणि डॉकएक्सशी त्याचं चांगलं जमतं. डब्ल्यूपीएस फुकट मिळतं, पण मुक्त नाही. शिवाय त्यातल्या जाहिराती! मला तरी त्या सोसत नाहीत.

हिशेबाचं मात्र जपून. देवस्थानची पावणी म्हणजे लिलाव, वर्गणी, महाजनांची म्हणजे देवस्थानच्या सभासदांची यादी, एवढ्याला लिब्रेऑफिसचं कॅल्क, म्हणजे त्यातलं एक्सेल, भरपूर झालं. लोकेल, म्हणजे भाषा-देशाची सेटिंग, इंग्लिश-इंडिया ठेवलं की आकडे 12,34,567 असे आपल्या रीतीने स्वल्पविराम घेतात. दहा लाखांच्या वर ओळी मावतात, तेवढे महाजन कुठल्या देवाला असणार? पण एक्सलुकअप हे यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारं सूत्र त्यात 2024 च्या 24.8 आवृत्तीत आलं, त्याआधीच्या आवृत्तीत त्या जागी एरर दिसेल. आणि पगारपत्रकाला कोणी एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम, लावून ठेवले असतील, तर ते सगळे इथे चालतीलच असं नाही. तो एक संगणक एक्सेलवर राहू दे, त्यात कमीपणा कसला?

पेनड्राइव्ह आणलेत ना? चहा झाला की लॅपटॉप उघडतो. साधं पत्र आणू नका, ते कशातही उघडतं. ज्या फाइलला हात लावायला तुमचा क्लार्क घाबरतो, ती द्या.